व्हय म्हाराजा, येस टू ऑल

मला पॉवरशेल येतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचा दोष कुणी माझ्या ज्ञानाला देणार नाही.

पॉवरशेल म्हणजे कॉम्प्युटरमधली ती निळी खिडकी. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊसला तिथे कुत्रं विचारत नाही. आपण एक ओळ टाईप करायची, एंटर मारायचं, आणि लोक दिवसभर मान मोडून करतात ते काम ती खिडकी चहा निवायच्या आत करते. मागून बघणाऱ्याला वाटतं, हा पोरगा नक्की कुठली तरी बँक फोडतोय. लोकांना असं वाटलेलं मला फार आवडतं. मी पॉवरशेल शिकलोच त्यासाठी.

तर त्या सकाळी मी धाकूकाकांना म्हणालो, "काका, रतन टेम्पो घेऊन येईपर्यंत सगळी लेबलं छापून तयार! शब्द देतो!"

धाकूकाका माझे सख्खे काका आणि त्याहून सख्खे शेठ. साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा आहे, 'माउली लेबल्स' नावाचा. खोक्यांवर चिकटवायची पत्त्याची लेबलं आम्ही छापतो. आमची ख्याती गोंदाची. 'कार्टन फाटात, पण लेबल निघूचा नाय!' हे काकांचं वाक्य त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं आहे.

"आणि नाय झाली तर?" काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"तर मला माहुलच्या गोदामावर पाठवा!"

माहुलला आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं, 'शांतनिद्रा' मच्छर कॉइलवाल्यांचं गोदाम आहे. एकीकडे रिफायनऱ्या, दुसरीकडे खाडी, वर पत्रा आणि आत कॉइलचा डोंगर. तिथे लेबलं चिकटवण्यावर देखरेख करायला आमचा एक माणूस लागतो. आजवर तिथे गेलेला एकही माणूस परत आलेला नाही. मेले नाहीत; परस्पर दुसरी नोकरी धरली. एकानं तर नोकरी न मिळताच सोडली.

"नित्या, जीभ चावून बोल," अपूर्वा म्हणाली. ही आमची ऑपरेटर. माझ्याच वयाची, पण बोलते अशी की जणू माझी मुंज तिनं लावली. "फाईल बघितलीस का? जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं पान आहे. एकेक पान कॉपी-पेस्ट करताना माझी बोटं झिजतात."

"म्हणूनच सांगतो, तू हातच लावू नकोस. एक मॉड्यूल बसवतो. एक ओळीचं काम!"

काम साधं नव्हतं हे मलाही माहीत होतं. दुकानदारांच्या पत्त्यांची एक्सेल फाईल आजच आलेली, लेबलं आजच निघायची होती. शांतनिद्राच्या शर्मिष्ठा मॅडमनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं की आज लेबलं आली नाहीत तर पुढच्या सगळ्या ऑर्डरी मरोळच्या पार्टीला देऊ. मरोळची पार्टी म्हणजे काकांचा जुना पार्टनर. त्याचं नाव घेतलं तरी काका पाणी पितात.

इथे आमच्या गाळ्याच्या दोन रीती सांगायला हव्यात.

एक म्हणजे, प्रत्येक कामाचं पहिलं लेबल देवीचं. फाईल आली की अपूर्वा प्रत्येक पानाच्या अगदी वर एक ओळ घालते: श्री सातेरी देवी, मुक्काम पोस्ट वेळकुंडे, जिल्हा सिंधुदुर्ग. ते लेबल छापून आलं की काका त्याला कुंकू लावून भिंतीवर चिकटवतात. भिंतीचा मूळ रंग कुणाला आठवत नाही.

दुसरी म्हणजे, बाहेरची कुठलीही गोष्ट गाळ्यात घ्यायची तर आधी कौल लावायचा. काका वेळकुंड्याला काशीराम गुरवाला फोन करतात. काशीराम देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कटिंग मशीन कौल लावून आलं. अपूर्वा कौल लावून आली. ("माझा इंटरव्ह्यू झालाच नाही. पाकळी पडली, मी टेबलावर," असं ती सांगते.) एसीला डावा कौल पडला, म्हणून आम्ही अजून भट्टीतल्या पावासारखे बसतो. काकांनी आयुष्यात एकदाच कौल न लावता खरेदी केली, एका टेबलफॅनची. त्यानं पहिल्याच दिवशी गोंद लावलेली लेबलं खिडकीतून उडवली आणि सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षांवर चिकटवली. गोंद आमचाच! त्या रिक्षा अजून तशाच फिरतात.

असो. मी बोटं मोडली, निळी खिडकी उघडली आणि ती एक ओळ टाईप केली. मॉड्यूल म्हणजे जोडसामान. पॉवरशेलला एक्सेलची फाईल थेट वाचता येत नाही. ते जोडसामान इंटरनेटवरच्या भांडारातून आणून बसवलं की येते. एंटर मारलं.

खिडकीनं सामान आणलं नाही. तिनं प्रश्न विचारला.

तो मी मोठ्यानं वाचला. मनात वाचला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मागे अपूर्वा उभी होती, आणि इंग्रजीतलं मराठीत करून फाडफाड वाचण्यात एक वेगळीच ऐट असते. "मॉड्यूल बसवायला आधी नुगेट नावाचा पुरवठादार आत घ्यावा लागेल. घेऊ का?"

काका खुर्चीतून उठले. "कोण नुगेट?"

"माणूस नाही काका, प्रोग्राम आहे."

"खयचो?"

"बाहेरचा," मी म्हणालो.

काकांनी फोन उचलला.

काशीरामाची अडचण अशी की देवी गाभाऱ्यात आणि रेंज विहिरीवर. वेळकुंड्यात मोबाईल फक्त देवळामागच्या विहिरीच्या कठड्यावर लागतो. त्यामुळे तो फोन कठड्यावर ठेवतो, धावत गाभाऱ्यात जातो, कौल लावतो आणि धावत परत येऊन निकाल सांगतो. फोन स्पीकरवर ठेवला की आपल्याला त्याच्या पायांचा आवाज जाताना ऐकू येतो, मग कोंबड्या, मग परत पाय.

"माउलीक काय इचारू?" काशीराम म्हणाला.

"इचार, नुगेटाक आत घेवचा काय?"

"खयच्या गावचो तो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अमेरिका."

"आडनाव?"

"आडनाव नाही."

"आडनाव नाय?" काशीरामाचा आवाज चढला. "मगे माउलीक ओळख कशी पटतली?"

शेवटी 'अमेरिकेचो नुगेट' यावर तडजोड झाली. पाय गेले. कोंबड्या आल्या. पाय आले.

"उजवो!"

"दाब रे झिला!" काका म्हणाले. मी नुसतं एंटर दाबलं. नुगेट भुर्रकन आत आला, बसला, काही बोललाही नाही. पहिला प्रश्न, पहिला कौल, पहिलं एंटर. मी खुर्ची मागे रेलवली. यातून मी एवढंच शिकलो की एंटर म्हणजे हो. फारच चुकीचं शिकलो.

मोबाईल वाजला. शर्मिष्ठा मॅडम.

"नितेश, लेबलं?"

"होतच आली मॅडम!"

"होतच आली म्हणजे किती झाली?"

"म्हणजे सुरुवातीचे अडथळे देवीच्या कृपेनं दूर झाले."

"कुणाच्या?"

"काही नाही मॅडम. ठेवतो."

फोन ठेवतोय तोवर खिडकीत दुसरा प्रश्न उभा. आणि मी, मूर्खांचा महामेरू, तोही मोठ्यानं वाचला. तोंडाला चटक लागली होती!

"तुम्ही अविश्वासू भांडारातून सामान घेत आहात. नक्की घ्यायचं का?"

काकांची खुर्ची करकरली. "अविश्वासू?"

"काका, ते सगळ्यांनाच तसं विचारतं. रीत आहे ती."

"मेल्या, चोर दारात येऊन स्वतः सांगता की मी चोर, आणि तू तेका पाट मांडतंस?"

याचं उत्तर पॉवरशेल बनवणाऱ्यांकडेही असेल असं वाटत नाही. पुन्हा फोन, पुन्हा विहीर. काशीरामाला प्रश्न समजावण्यातच बराच वेळ गेला. "अविश्वासू हा म्हणान म्हायत आसा, तरी घेवचा काय असो प्रश्न?" त्यानं तीनतीनदा विचारलं. मग पाय गेले, आणि या वेळी परत यायचं नाव घेईनात.

खाली हॉर्न वाजला. रतन आला होता. रतनचा हॉर्न म्हणजे म्हशीच्या शेपटीवर कुणीतरी कायमचा उभा आहे. आमच्या गल्लीत टेम्पो थांबला की मागे सगळी इस्टेट तुंबते, त्यामुळे रतनच्या मागून दुसरा हॉर्न, दुसऱ्यामागून तिसरा, आणि सगळ्यांवर वॉचमनची शिट्टी.

मी फोनकडे कान लावून बसलो होतो. कोंबड्या. फक्त कोंबड्या.

बाजूला टकटक ऐकू आली. अपूर्वा तिच्या कॉम्प्युटरवर गुपचूप जुन्या पद्धतीनं कॉपी-पेस्ट करत होती.

"काय करतेस तू?"

"पोटापाण्याचं बघतेय. तुझं चालू दे."

"विश्वास नाही माझ्यावर?"

"तुझी खिडकीच म्हणतेय ना, अविश्वासू. मी कोण मधे बोलणार?"

एवढ्यात फोनमधून धप धप धप पाय. काका उभे राहिले. मी बोट एंटरवर ठेवलं. माझ्या कपाळावरचा घाम नाकापर्यंत येऊन तिथेच थांबला. त्यालाही निकाल ऐकायचा होता.

"उजवो! उजवो कौल! अगदी टपकन पडलो!"

"दाब! दाब! दाब!" काका ओरडले.

मी दाबलं. एंटर!

खिडकी शांत. सामान नाही, पट्टी नाही, काही नाही. नुसती रिकामी ओळ, आणि तिच्या टोकाला लुकलुकणारा कर्सर. मी वर सरकून प्रश्न पुन्हा वाचला. शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, काहीच टाईप न करता एंटर मारलंत तर 'नाही' धरलं जाईल. पहिल्या प्रश्नाला एंटर म्हणजे हो. दुसऱ्या प्रश्नाला एंटर म्हणजे नाही! हे कुठल्या न्यायात बसतं?

अपूर्वानं मान लांबवून स्क्रीन बघितली. "अरे नित्या! देवी हो म्हणाली, आणि तू तिला नाही म्हणालास?"

हे ती हळू म्हणू शकली असती. तिचा आवाज विहिरीपर्यंत गेला.

"काय?" काका.

"काय?" काशीराम.

"माउलीन व्हय सांगल्यान," काकांनी कपाळ बडवलं, "आणि ह्या मेल्यान नाय दाबल्यान!"

मी समजावायला गेलो, की कॉम्प्युटरला देवीबद्दल काही म्हणायचं नाही, पुन्हा तीच ओळ टाईप करतो, वाय दाबतो, विषय संपला. "हात लावू नको!" काका कडाडले. "आधी गाऱ्हाणा!"

गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढे सगळ्यांनी मिळून घातलेली विनवणी. एक जण म्हणतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काकांनी मशीन बंद केलं, सगळ्या कामगारांना टेबलाभोवती गोळा केलं, फोन मधे ठेवला. विहिरीवरून काशीरामाचा आवाज आला, असा की मला वाटलं खालची मोरी दुमदुमली.

"हे आई सातेरी माउली! आज तुझो लेकरू धाकू आणि तेचो पुतण्यो नितेश, मुंबैक साकीनाक्याक आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या हातसून अजाणतेपणान चुकीचा बटान दाबला गेला..."

"व्हय म्हाराजा!"

"तर रागावू नको, आणि हो अमेरिकेचो नुगेट आणि तेच्या मागसून येणारा ता मोडूल, तेंका तुझ्या पायाशी संभाळून घे!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा 'व्हय म्हाराजा' दारातून आला. रतन! शिव्या द्यायला वर आला होता, पण गाऱ्हाणं चाललेलं बघून टोपी काढून उभा राहिला. संपताच टोपी घातली आणि म्हणाला, "शेठ, लेबलं कुठंयत? वॉचमन माझी हवा काढायला बसलाय."

"झालाच," काका म्हणाले आणि नारळ घेऊन आले.

नारळ बाहेर फोडा असं मी म्हणणार होतो. पण मघाशी देवीला नाही म्हणालेल्या माणसाला त्या गाळ्यात मत नव्हतं. काकांनी तो टेबलाच्या लोखंडी कडेवर फोडला. झकास फुटला. शुभ! त्यातलं पाणी सगळंच्या सगळं कीबोर्डमध्ये गेलं.

मी कीबोर्ड उलटा केला, झटकला, फुंकला, बनियनला पुसला. वाय चालेना. एन चालेना. एकूण एक अक्षरं ठार! चालत होतं फक्त एंटर. म्हणजे देवीला पुन्हा एकदा नाही म्हणायची तेवढी सोय शिल्लक होती.

सगळ्यांनी अपूर्वाच्या कीबोर्डकडे बघितलं.

"नाही," अपूर्वा म्हणाली. "माझी अर्धी पानं झालीत. कीबोर्ड गेला तर ह्याचंही काम नाही आणि माझंही नाही."

"दी गो," काका म्हणाले. "माउलीचा काम आसा."

तिनं तो उपटला आणि माझ्या हातात दिला. त्या वेळी तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी आईच्या चेहऱ्यावर एकदाच बघितलंय, जेव्हा मी कुकरची शिट्टी दुरुस्त करतो म्हणालो होतो. आता परतीची वाट नव्हती. ऑर्डर, काकांची इज्जत, माहुल, सगळं त्या एका वायच्या बटणाखाली.

ओळ टाईप केली. प्रश्न आला. वाय, एंटर. खिडकीत बारीक बारीक गोल धावू लागले, एकामागून एक, डावीकडून उजवीकडे. काकांनी त्यांनाही हात जोडले. आणि मॉड्यूल बसलं!

मग मी घाईघाईत लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे लेबलं छापायच्या आज्ञांची यादी, चालवली.

खिडकी म्हणाली, या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे.

या खेपेला मी मनात वाचलं. माणूस सुधारतो. ती बंदी उठवायची एक ओळ असते, ती टाईप केली. लगेच तिसरा प्रश्न: बंदी उठवल्यास धोका होऊ शकतो, नक्की उठवायची? मी चेहरा कोरा ठेवला होता, पण काकांनी माझा चेहरा जन्मापासून बघितलाय.

"परत इचारता काय?"

"...हो."

फोन. या वेळी काशीराम कुजबुजला. "आता नाय! माउलीचो नैवेद्य झालो. पडदो ओढलंय. माउली इश्रांती घेता. तिनीसांजेक लावया."

तिन्हीसांजेला! रतन दारात उभा राहून किल्ली फिरवत होता. "शेठ, शेवटचं सांगतो. मी चाललो. मरोळची फेरी आहे मला, ते लोक वेळेत माल देतात."

मरोळ म्हटल्यावर काका पाणी प्यायले. मग रतनच्या खांद्यावर हात टाकून त्याला ओढत म्हणाले, "चल, च्या पिवया. कडक सांगतंय तुका." आणि जाता जाता माझ्याकडे बोट: "नित्या, माउली उठासर कायएक दाबू नको!"

ते गेले. कामगार पांगले. राहिलो मी, अपूर्वा आणि तो प्रश्न. खाली उत्तरं मांडलेली. होय. सगळ्याला होय. नाही. सगळ्याला नाही.

सगळ्याला होय! येस टू ऑल! मी विचार केला, मघाशी सगळ्यांनी मिळून ओरडलो ते दुसरं काय होतं? एकदा सगळ्याला 'व्हय म्हाराजा' म्हटल्यावर पुन्हा पुन्हा काय विचारायचं? माझं बोट त्याच्या बटणावर, ए वर गेलं.

"नित्या," अपूर्वा म्हणाली. "कौल न घेता?"

"देवी झोपलीय गं."

"म्हणूनच विचारतेय."

मी दाबलं.

बंदी उठली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, आणि काय सांगू! प्रिंटर असा सुटला जसा तुंबलेला नळ सुटतो. लेबलांचा रोल भराभरा भरायला लागला, इतक्या वेगानं की एक अक्षर वाचता येत नव्हतं, फक्त काळं-पांढरं धावताना दिसत होतं. आवाज ऐकून काका जिन्यावरून धावत आले. "काय झाला? माउली उठली?"

"सगळं नीट झालं काका," मी म्हणालो. हे मी खोटं बोललो नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

काकांनी पहिलं लेबल कापून घेतलं. श्री सातेरी देवी, मुक्काम पोस्ट वेळकुंडे. अक्षर ठसठशीत, शाई झकास. काकांचे डोळे पाणावले. त्यांनी कुंकू लावलं, भिंतीवर इतर लेबलांच्या शेजारी चिकटवलं आणि हात जोडले. पहिलं लेबल नीट म्हणजे रोल नीट, हा माउली लेबल्सचा कायदा. पुढचं लेबल आजवर कुणी बघितलेलं नाही. रतननं रोल काखेत मारले आणि पळाला. टेम्पो सुटला, मागची सगळी इस्टेट सुटली, वॉचमनची शिट्टीसुद्धा सुटली.

"झिल माझो हुशार!" काकांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मॉड्यूल मलाच बसलं. वडापाव मागवले. एवढंच नाही, "नितेशासाठी एसीचो कौल परत लावया," असंही जाहीर केलं.

मी वडापाव हातात घेऊन अपूर्वाकडे वळलो. "बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली. "आता देवी उठली की काय म्हणते तेही बघू."

संध्याकाळी दुसऱ्या खेपेचा माझा अर्धा वडा खाऊन झाला आणि मोबाईल वाजला. शर्मिष्ठा मॅडम. मी ऐटीत फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे कौतुक सगळ्यांना ऐकू जाईल.

"नितेश, एक विचारायचं होतं. ह्या सातेरी देवी कोण?"

"आमची ग्रामदेवता, मॅडम!" मी अभिमानानं म्हणालो. काकांनी मान डोलावली.

"अच्छा. नाही, मला वाटलं कुणी मोठ्या डीलर आहेत. कारण नांदेडचा माल त्यांनाच चाललाय, जळगावचा त्यांनाच, कोल्हापूरचाही त्यांनाच. आमची पोरं इथे चिकटवत चिकटवत गोदामाच्या मध्यापर्यंत आली तेव्हा कुठे एकाच्या लक्षात आलं. खूप डास आहेत का हो त्यांच्याकडे?"

वडा घशात अडकला तो अजून पुरता उतरलेला नाही.

झालं होतं ते असं. ते मॉड्यूल कुठल्याही पानाची अगदी वरची ओळ मथळा समजतं. आमच्या प्रत्येक पानाच्या अगदी वर कोण? देवी! आणि मी घाईघाईत स्क्रिप्टला रकान्यातला मजकूर जोडायच्या ऐवजी मथळाच जोडून ठेवला होता. स्क्रिप्टनं इमानदारीनं प्रत्येक दुकानदारामागे एक लेबल छापलं. दुकानदार वेगळे, लेबल एक. महाराष्ट्रातली सगळी मच्छर कॉइल एका देवळाच्या पत्त्यावर!

"उद्यापासून माल निघायलाच हवा," मॅडमचा आवाज पुन्हा गोड झाला, म्हणजे धोका. "नाहीतर मरोळ."

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "तिसरो कौल न घेता दाबलंस."

मी अपूर्वाकडे बघितलं. अपूर्वा त्या टेबलफॅनकडे बघत होती.

"काका, सोपं आहे! स्क्रिप्ट आत्ता दुरुस्त करतो. खरी लेबलं छापू आणि या लेबलांवरच चिकटवू. वरून!"

"माउलीच्या नावावर?" काका हळूच म्हणाले. "तिच्या नावावर जळगावचो कोण तरी किराणावालो चिकटवतलंस?"

म्हणजे काढायला हवीत. पण आमचं लेबल! आणि देवीचं नाव नखानं खरवडायचं, तेही परवानगीशिवाय? काकांनी फोन उचलला. तिन्हीसांज झालीच होती. काशीरामाला सगळी हकीकत सांगितली, तो विहिरीच्या कठड्यावरून जवळजवळ आत पडला.

पहिला प्रश्न: माउली, तुझा नाव काढूक परवानगी आसा? पाय गेले, पाय आले. उजवो. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

दुसरा प्रश्न: कोणी काढायची?

काकांनी मोठेपणानं आधी स्वतःचं नाव दिलं. डावो. मग अपूर्वाचं. डावो, आणि लगेच! अपूर्वानं दोन्ही हात जोडले. तिला मी इतक्या श्रद्धेनं हात जोडताना कधीच बघितलं नव्हतं.

मग माझं. पाय गेले. कोंबड्याही गप्प होत्या. आणि पाय परत यायच्या आधीच, थेट गाभाऱ्यातून, रेंज नसलेल्या जागेवरून, नुसत्या घशाच्या जोरावर काशीरामाची आरोळी ऐकू आली, "उजवोऽऽऽ! अजून नावसुदा पुरा घेवक नव्हता!"

त्या निळ्या खिडकीत प्रत्येक प्रश्नाखाली लिहिलेलं असतं, कुणी काहीच सांगितलं नाही तर काय धरायचं ते. देवीच्या दरबारात त्या जागी माझं नाव आहे.

तर मंडळी, हे मी माहुलहून लिहितोय. खरी लेबलं छापून आली, ऑर्डर वाचली. जेवढी खोकी सुटतील तेवढी रवाना करायची, असं मॅडमनी कबूल केलंय. मरोळची पार्टी हात चोळत बसलीय. मी लेबलं चोळत बसलोय. गोंद खरंच चांगला आहे. कार्टन फाटतं, लेबल निघत नाही. खोबरेल तेलानं सुटतं म्हणतात, तेव्हा इकडे कुणी येणार असेल तर एखादी बाटली आणा. फक्त येताना अंगभर कपडे घाला.

इथे डास फार आहेत.